माझाच नंबर टाका

फोन वाजला की बाई आधी गळ्यातल्या पिशवीवर हात ठेवायच्या आणि विचारायच्या, "कोण गं माय?" जणू आत एखादी पोरगी बसलेली आहे. मग पिशवीतून फोन निघायचा, हात लांब ताणला जायचा, मान मागे जायची, आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी एकेक अक्षर जुळवत वाचलं जायचं. "सु-नी-ता. हां, कालव्यापलीकडची. गोळ्या संपल्या व्हय तुझ्या? आले, आले." एवढं फोनशीच बोलून बाई चपला शोधायला लागायच्या.

खेड्यातल्या आरोग्य केंद्रात अशी एखादी नर्सबाई तुम्हीही पाहिली असेल. अंगानं जाड, आवाजानं त्याहून जाड. आमचं केंद्र मानवत-पाथरी रस्त्यापासून आत, कालव्याच्या अंगाला आहे. मी तिथं कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागलो. मी पूर्णेचा, वडील रेल्वेत. पोरगंही रेल्वेत चिकटेल अशी त्यांची आशा होती, ती मी धुळीला मिळवली होती. बाईंनी पहिल्या दिवशी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि नाव न विचारताच ठेवलं, "कॉम्प्युटर". शेवटपर्यंत तेच राहिलं. "ओ कॉम्प्युटर, च्या पिला का?"

मी लागलो त्याच सुमाराला केंद्रावर एक खोकं आलं. त्यात हातात धरायची मशिनं होती. राखाडी, जाडजूड, वर छोटा पडदा आणि त्यावर टेकवायला एक काडी. स्मार्टफोन तेव्हा आमच्याकडे जाहिरातीतच होते. गावोगावच्या गरोदर बाईची नोंद या मशिनात करायची, नोंद जिल्ह्याला जाणार, आणि तिकडून त्या बाईच्या मोबाईलवर मेसेज येणार: तपासणीला जा, गोळ्या घ्या, रक्ताचा रिपोर्ट असा आहे, बाळाला अमुक डोस द्या. माहिती थेट तिच्या हातात. कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणेन. फक्त त्या बाईच्या हातात मोबाईल नव्हता.

मशीन शिकवायला शहरातून एक तरणा गडी आला होता. तो सांगायला लागला की मोबाईल नंबर टाकल्याशिवाय पान पुढं सरकत नाही. बाई मागच्या खुर्चीवरून उठल्या.

"आन् तिच्याकडं फोनच नसंल तर?"

"नवऱ्याचा टाका, मॅडम."

"नवरा फोन घिऊन ऊसतोडीला जातो. मंग मेसेज कुनी वाचायचा, उसानं?"

सगळा हॉल हसला. तोही हसला आणि म्हणाला, "काहीतरी टाका मॅडम, दहा आकडे झाले म्हणजे झालं."

"काहीतरी कामून टाकायचं?" बाई म्हणाल्या. "माझाच टाका."

आणि तेव्हापासून तो नंबर पडत गेला. बाईंच्या हद्दीतल्या ज्या ज्या पोरीकडे फोन नव्हता, म्हणजे जवळजवळ सगळ्याच, त्यांच्या नावापुढे बाईंचा नंबर. मी एकदा म्हणालो, "बाई, मशिनाला वाटेल एकच बाई सगळ्या गावांत बाळंत होते आहे." त्यावर उत्तर आलं, "व्हऊ दे. त्याला काय, दुखायलंय?"

मशिनाबरोबरची काडी बाईंनी पहिल्याच आठवड्यात हरवली. मग इंजेक्शनच्या सुईचं टोपण घेऊन त्या पडद्यावर टोचत बसायच्या. रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर मिळायची, तीही वरच्या पायऱ्यांवर. नोंदी पाठवायला त्या पहिल्यांदा टाकीवर चढल्या तेव्हा खाली गर्दी जमली. टाकीवर माणूस चढतं ते कसली तरी मागणी मान्य करून घ्यायला, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. सरपंच धावत आले. "बाई, उतरा खाली, काय आसंल ते बोलून घिऊ!" बाईंनी वरून ओरडून सांगितलं, "मला कायबी नको, मला रेंज पायजे!"

मेसेज कुठंही यायचे. लग्नात, बाजारात, सरणापाशी. एकदा मानवतहून एसटीनं येताना बाईंचा चष्मा घरी राहिला होता. त्यांनी फोन शेजारच्या माणसाच्या हातात दिला आणि वाचायला सांगितलं. तो भला माणूस मोठ्यानं वाचून मोकळा झाला: "अभिनंदन, तुम्हाला सातवा महिना लागला आहे." बाई तेव्हा पन्नाशीच्या पुढे, त्यात नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. सगळी एसटी मागं वळून बघायला लागली. बाई शांतपणे म्हणाल्या, "आजून कायकाय म्हनतंय ते वाचा की."

पण मेसेज घेऊन त्या दारात गेल्या की पोरींची तोंडं पाहावीत. "तुझा मेसेज आलाय" म्हटलं की सासू बाजूला व्हायची. बाई आपल्या मनानं बोलत नाहीत, सरकार नाव घेऊन बोलवतं आहे, असं त्या घरांना वाटायचं. ज्या सुनेला घरात कुणी नावानं हाक मारत नव्हतं, तिचं नाव बाई उंबऱ्यात उभ्या राहून मुद्दाम दोनदा वाचायच्या.

अशी काही वर्षं गेली. अनिता आली ती एका दसऱ्याच्या आधी. पोरगी अंगानं काटकुळी, दिवस गेलेले, डोळ्यांखाली पांढुरकेपणा. नवरा सोबत होता, हेच आमच्याकडे नवल. त्यानं नवा फोन घेतलेला, तो शर्टाच्या वरच्या खिशात अर्धा बाहेर दिसेल असा ठेवलेला. मी नोंद करत होतो. नंबराची जागा आली तसा तो पुढं झाला.

"माझा घ्या की बाई. फोन हाय माझ्याकडं."

"तू जाशील कारखान्यावर," बाई म्हणाल्या. "ही ऱ्हाईल हितं. मेसेज तिकडं आला तर हिला सांगाया तू येनार का? माझाच ऱ्हाऊ दे."

तो हसला. "ते बी खरंच," म्हणाला, आणि फोन परत खिशात सारला. बाई बोलल्या त्यात चूक काय होतं? तुम्ही-मी त्या जागी असतो तर हेच केलं असतं. रक्त तपासायला काढलं, ते तालुक्याला गेलं. बाईंनी अनिताला दम भरला, "ऊसाला जायाचं न्हाई, समजलं का?" तिनं मान हलवली.

ऊसतोडीत माणूस एकटा मोजत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यानं तोडायचं, तिनं मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीत चढवायच्या. त्या वर्षी अनिताच्या जागी तिची नणंद जाणार होती. निघायच्या आदल्या दिवशी नणंद तापानं फणफणली. जोडी मोडत होती. मुकादमाची गाडी दारात उभी. अनिता गाडीत चढली.

बाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्या दुसऱ्या गावांतल्या लसीकरणात अडकल्या होत्या. रिपोर्ट उशिरानं आला, केंद्राच्या ओट्यावर आम्ही चहा पीत असताना. त्यांनी पिशवीवर हात ठेवला, नेहमीसारखं विचारलं, फोन लांब धरला. वाचता वाचता त्यांचे ओठ हलायचे थांबले. मेसेजात लिहिलं होतं की अनिताच्या अंगात रक्त फारच कमी आहे, तिला तातडीनं मोठ्या दवाखान्यात न्यावं.

मी मोटरसायकल काढली. घराला बाहेरून कडी. थोड्या वेळानं सासू शेळी ओढत आली.

"ती तर गेली की बाई. जोडी मोडायली व्हती."

"कुटं गेली?"

"लांब हाय. नदीकाटचा कारखाना हाय म्हनं. नाव न्हाई मालूम."

"आन् पोराचा नंबर?"

सासूनं हात पसरले. तिच्याजवळ फोन कुठला? पोरानं नवा नंबर घेतला होता आणि तो घेऊन तो गेला होता. शेजाऱ्याकडे त्याचा जुना निघाला, तो बंद. किराणा दुकानदाराकडून मुकादमाचा मिळाला. तो म्हणाला, नवा नंबर आपल्याकडेही नाही, ती टोळी उसाच्या दुसऱ्या फडावर हलली, सांगावा धाडतो. बाईंनी त्याला सकाळ-संध्याकाळ फोन केले. आधी गोड बोलून, मग शिव्या घालून, मग हात जोडून. फोनवर हात जोडलेले दिसत नाहीत, हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

शेवटी अनिताच्या नवऱ्याचाच त्याच्या नव्या नंबरावरून फोन आला. बाईंनी ऐकायला जड जातं म्हणून आवाज मोठा केला होता, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"बाई, अनिता सकाळी गेली. फडावर पाचटाच्या कोपीतच बाळंत झाली, रगत थांबलंच न्हाई. लेकरू हाय. पोरगी हाय." मग तो म्हणाला, "मुकादम आत्ता म्हनायला, तिचा मेसेज आला व्हता म्हून. माझा फोन तर चालूच व्हता, बाई."

तो रागानं बोलला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तिकडून फोन कटला. बाईंनी गळ्यातली पिशवी काढून माझ्या टेबलावर ठेवली. "हे घे," म्हणाल्या, आणि भिंतीला टेकून खाली फरशीवर बसल्या. जरा वेळानं टेबलावर फोन वाजला. दुसऱ्याच कुणा पोरीचा मेसेज होता. बाई भिंतीला धरून उठल्या, पिशवी गळ्यात घातली आणि न वाचताच बाहेर गेल्या.

त्यानंतर बाई बदलल्या. थट्टा आटली. नोंदीला आलेल्या प्रत्येक घराला त्या दोन-दोन, तीन-तीन नंबर मागायच्या. नवऱ्याचा, दिराचा, मुकादमाचा. हळूहळू घरोघरी फोन येत होते. एकेका पोरीच्या नावापुढचा आपला नंबर त्या माझ्याकडून काढून टाकत गेल्या. एकच राहिला.

अनिताची पोरगी आजीजवळ आली होती. वीतभर जीव. मशिनात आता अनिताच्या नावापुढे एक खूण करायची होती, आई मयत. पण त्या मशिनाचा एक वेडेपणा होता. लेकराची नोंद आईच्या नोंदीला चिकटलेली असायची. आई मयत केली की सगळं पान बंद, लेकराच्या लसीचे मेसेजही बंद. नवी नोंद करायला आई लागायची, जिवंत. मी वर विचारून पाहिलं. उत्तर आलं, मशिनात तशी सोय नाही.

"मंग नको करू मयत," बाई म्हणाल्या.

"बाई, ते खोटं होईल."

"व्हऊ दे खोटं. पोरगी खरी हाय ना?"

मरण दुसऱ्या जिल्ह्यात झालेलं. तिकडचे म्हणाले, बाळंतीण तुमच्याकडची. इकडचे म्हणाले, मरण तुमच्याकडचं. कुणीच लिहिलं नाही. त्यामुळे वर्षअखेरीला आमच्या केंद्राचं नाव निघालं: या भागात एकही माता दगावली नाही. तालुक्याला कार्यक्रम झाला आणि बाईंना शाल-श्रीफळ द्यायला व्यासपीठावर बोलावलं. मला वाटलं, त्या जाणार नाहीत, किंवा जाऊन सगळं सांगून टाकतील. त्या गेल्या. शाल घेतली, नमस्कार केला, खाली आल्या. बोलल्या असत्या तर पान बंद झालं असतं, आणि शाल नाकारली असती तर कुणीतरी कारण विचारलं असतं. परत आल्यावर केंद्रावर शिपायाच्या अंगावर शाल फेकून म्हणाल्या, "लसीच्या फ्रिजवर टाक, धूळ बसायलीय त्याच्यावर." मला व्यासपीठावरच्या त्या माणसांचा राग आला होता आणि थोडा बाईंचाही. आता फक्त बाईंची कीव येते, कारण त्या दिवशी त्यांच्याइतकं एकटं कुणीच नव्हतं.

अनिताचे मेसेज येत राहिले. अभिनंदन, तुम्ही आई झालात. बाळाला फक्त तुमचंच दूध पाजा. बाळाला उचलून घ्या, त्याच्याशी बोला. बाई ते सगळे वाचायच्या. आजीच्या दारात मात्र फक्त लसीचे सांगायच्या. तरी आजी एकदा चिडली.

"बाई, मेलेल्या मानसाला कामून हाका मारता? सुखानं जाऊ द्या की तिला."

बाईंनी पोरीचा दंड धरला, सुई टोचली, वरून कापूस दाबला. त्या घरी त्यांनी कधी आवाज चढवला नाही. पोरीचा बाप पुढच्या हंगामाला परत गेला. त्याची जोडी पुन्हा जुळली होती. नवी बायको चांगली होती म्हणतात. पोरगी आजीजवळच राहिली, आणि प्रत्येक डोसाला बाई चालत जायच्या. नंतर नवी मशिनं आली, पाटीएवढी, मराठी बोलणारी. जुन्या नोंदी त्यात जशाच्या तशा ओतल्या गेल्या. अनिताचं पान बदलता येत नव्हतं, फक्त बंद करता येत होतं. ते बाईंनी कुणाला करू दिलं नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बाई गेल्या. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते, रजा टाका म्हणून मी किती सांगितलं. "रजा टाकून काय, घरात बसून फोनकडं बघू?" परभणीला नेलं, खाट मिळाली, पण पुढचं काही हाताला लागलं नाही. शेवटचं पाहायलाही मिळालं नाही आम्हाला. त्यांचा मृत्यू मात्र लगेच लिहिला गेला. जागा रिकामी झाल्याचं वर कळवायचं असतं, ते मीच टाइप केलं. एकेक अक्षर जड जात होतं. कॉम्प्युटर म्हणून हाक मारणारं केंद्रात आता कुणी नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी मी केंद्रात बसलो असताना माझा फोन वाजला. पडद्यावर नाव होतं, 'बाई'.

घेऊ की नको, हेच कळेना. घेतला. पलीकडून पुरुषाचा आवाज.

"साहेब, दवाखाना हाय का? मेसेजच्या खाली ह्यो नंबर हाय म्हून लावला. मी जालन्याकडचा, फरशी बशिवतो. मला नवीन कार्ड घेतल्यापसून मेसेज यायलेत, बाळाला डोस द्या म्हून. मला तर लेकरूच न्हाई. कोण हाय ही अनिता?"

मेसेजाखाली केंद्राचा म्हणून माझाच नंबर जायचा. बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते, हे मला माहीत होतं. आपल्या फोनात तो असा परत येईल हे सुचलं नव्हतं. त्याला काय सांगावं? चुकून येतात, बंद करतो, असं म्हणून एक बटण दाबलं की माणूस सुटला असता. पण पोरीचा पाच वर्षांचा डोस राहिला होता. आजीकडे अजूनही फोन नव्हता. नवी सिस्टर चांगली, पण तिच्या हद्दीत गावं वाढवलेली. मी त्याला सगळं सांगितलं. अनिताचं, पोरीचं, आणि हा नंबर आधी कुणाचा होता ते. मागं कुठंतरी फरशी कापायचं मशीन चालू होतं, ते त्यानं कुणाला तरी बंद करायला सांगितलं.

"मंग आता मी काय करू, साहेब?"

"परत मेसेज आला की मला एक मिस कॉल द्या."

"देतो," तो म्हणाला.

त्यानं दिला. 'बाई' हे नाव पडद्यावर दोनदा लुकलुकलं आणि गेलं. मी सिस्टरला घेऊन त्या घरी गेलो. पोरगी अंगणात होती, आता चांगली उंच झालेली. सुई बघून आजीमागे लपली, मग टोचून घेतली, रडली. सिस्टरनं तिथंच पाटीवर नोंद केली. शेवटचा डोस झाला की पान आपोआप बंद होतं. बंद होताना सगळी माहिती एकदा दिसते. बाळाचे डोस पूर्ण. आई जिवंत.

संध्याकाळी मी फाट्यावर एसटीची वाट बघत होतो तेव्हा पुन्हा फोन आला. पुन्हा तेच नाव.

"साहेब, दिला का डोस?"

"दिला."

"रडली आसंल."

"रडली थोडी."

"मंग आता तिचे मेसेज येनार न्हाईत?"

"नाही. झालं सगळं."

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला. पडद्यावरचं नाव विझलं. त्या नावानं मला परत फोन आला नाही.